गाडी पाच सेंटिमीटर खाली

सोमवार, ३ फेब्रुवारी

एकतीस वर्षं लोकांच्या गाड्या तपासल्या आणि त्यांच्या नोंदी ठेवल्या. आता निवृत्तीनंतर स्वतःच्याच गाडीत फेरफार करायची वेळ आली आहे, तर त्याचीही नोंद हवी. म्हणून ही वही. हिच्यात फक्त गाडीचं लिहायचं, घरचं लिहायचं नाही.

गाडीचा प्रश्न असा, की आमच्या सौभाग्यवतीला तिच्यात बसता येत नाही. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन साडेतीन महिने झाले. घरात ती काठीशिवाय फिरते, खुर्चीतून आपली आपण उठते. (खुर्चीवर मी दोन गाद्या टाकल्या आहेत. फिजिओथेरपीच्या बाई म्हणतात, बसायची जागा जितकी उंच तितकं गुडघ्याला बरं.) फक्त गाडीचं जमत नाही. कारण उघड आहे. गाडी उंच आहे.

आज तिसरा प्रयत्न केला. मी डावं दार धरून उभा राहिलो आणि सूचना दिल्या. उजवा पाय आत, मान खाली, हात इथे, तिथे नाही, इथे. ती म्हणाली, "अहो, उजवा उचलला की सगळा भार डाव्यावर येतो." मी म्हणालो, म्हणूनच उंची कमी हवी. मागच्या सीटवर बसायला ती तयार नाही, मागे तिला गाडी लागते.

जायचं आहे हिच्या ताईकडे. नव्वद किलोमीटर. ताई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्यांची आठवण दिवसेंदिवस जाते आहे. त्यांचा मुलगा म्हणतो, मावशी, यायचं तर याच महिन्यात ये, नंतर ती ओळखेल याची खात्री नाही. रोज चारला फोन येतो. आज ताई म्हणाल्या, "लवकर ये गं. हल्ली तुझा चेहरा आठवायला फोटो बघावा लागतो."

ही म्हणाली, टॅक्सी करू. दारात स्वतःची गाडी असताना? शिवाय एकतीस वर्षं मी टॅक्सी तपासल्या आहेत. त्यात बसायची माझी छाती होत नाही. भाचा न्यायला येतो म्हणाला, त्यालाही नको सांगितलं. मग ही म्हणाली, "मी चालवू का?" मी हसलो. बावीस वर्षांपूर्वी तिने गाडी फाटकाच्या खांबाला लावली होती, त्यानंतर चाक माझ्याच हातात आहे. तीही हसली असावी. पाठमोरी होती.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नियम काढून पुन्हा वाचले. गाडी पाच सेंटिमीटरपर्यंत खाली घेता येते. स्प्रिंग कापायची नाही, तापवून दाबायची नाही, प्रमाणपत्र असलेली आखूड स्प्रिंगच घालायची. चाक पूर्ण वळवलं तरी मडगार्डला घासता कामा नये. दिव्यांचा झोत नव्याने लावायचा. गाडीच्या पोटाचा सगळ्यात खालचा भाग रस्त्यापासून बारा सेंटिमीटरच्या वर राहिला पाहिजे. आणि दहा दिवसांत तपासणी करून नोंदणी पुस्तकात नोंद. आमच्या गाडीचं पोट अठरा पूर्णांक दोनवर आहे. पाच वजा जाता तेरा पूर्णांक दोन. चिकार झालं.

हे काम नीट करणारा गावात एकच माणूस, स्प्रिंगवाला. फिजिओच्या दवाखान्यामागच्या गल्लीत त्याचं मोठं आवार आहे. सहा फूट उंच माणूस, आणि आयुष्यभर गाड्या ठेंगण्या करतो.

"या साहेब," तो म्हणाला. "काय जप्त करायचंय?"

"निवृत्त झालोय."

"मग बसा." त्याने टायर पुढे सरकवला. "माझ्या एकशे चौदा गाड्या नापास केल्यात तुम्ही. मोजल्यात मी."

मी काम सांगितलं. तो गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "लो करायची? तुम्हाला? साहेब, असली गाडी लो केली की बेडकावरून रोडरोलर गेल्यासारखी दिसते."

मी त्याला अटी वाचून दाखवायला लागलो. तो म्हणाला, पाठ आहेत, तुम्हीच पाठ करून घेतल्यात. कारण सांगितल्यावर मात्र तो आणखी एकदा गाडीभोवती फिरला. मग डोकं खाजवत म्हणाला, "माझ्या आईचेही गुडघे गेलेत, पण तिला उंच गाडीच बरी पडते." मी त्याला समजावलं, की गुडघ्या-गुडघ्यात फरक असतो.

सोमवार, १० फेब्रुवारी

गाडी आली. स्वतः मोजली. तेरा पूर्णांक दोन, मिलिमीटरचा फरक नाही. स्प्रिंगवाल्याच्या कामात खोट काढायला जागा नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, फक्त तेव्हा म्हणता येत नव्हतं.

दुपारी प्रयोग. ही सहा सेकंदांत आत बसली. मी टाळी वाजवली. समोरच्या शिंपीणबाई शिलाई सोडून बाहेर आल्या, त्यांनीही वाजवली.

मग ती उतरायला गेली. सीट इतकी खाली, की गुडघा पोटाशी आला आणि तिला उठताच येईना. मी दोन्ही हात धरून ओढलं, तर माझीच कंबर धरली. शेवटी शिंपीणबाईंनी तिला काखेत हात घालून उभं केलं. या सगळ्यात पस्तीस मिनिटं गेली.

"आगीतून फुफाट्यात," ही म्हणाली, आणि घरात जाऊन दोन गाद्यांवर बसली.

शिंपीणबाई कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "काका, काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय तुमचा." त्यांची म्हणी वापरायची हौस मला ठाऊक आहे. मी लक्ष दिलं नाही.

निष्कर्ष: बसण्याचा प्रश्न सुटला आहे, उठण्याचा नवीन उभा राहिला आहे. पण उठायचं एकदाच, ताईंच्या दारात. तिथे भाचा आहे, तो ओढेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चारचा फोन मी घेतला. ताईंनी विचारलं, कोण बोलतंय. सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बरं," आणि परत विचारलं, कोण बोलतंय. असं चार वेळा झालं. हिला फोन दिला तेव्हा त्या व्यवस्थित बोलल्या, पण कधी येतेस हे विचारलं नाही. रोज विचारतात.

शुक्रवारी तपासणीची वेळ मिळाली आहे. शनिवारी निघू.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ही बरोबर आली. म्हणाली, मलाही तुमच्या ऑफिसात जरा काम आहे. माझ्या ऑफिसात हिचं काय काम असणार? घरात बसून कंटाळली असेल, म्हणून विचारलं नाही. उतरवायला दोघी कर्मचारी बायका आल्या. मग ती काठी टेकत सहा नंबरच्या खिडकीकडे गेली. तिकडच्या खुर्च्या उंच आहेत म्हणे.

तपासणीला माझ्याच हाताखाली शिकलेली बाई होती. मी तिला गाडीखाली कसं झोपायचं ते शिकवलं होतं. तिने स्प्रिंगचं प्रमाणपत्र पाहिलं, चाकं वळवून पाहिली, दिवे पाहिले. सगळं पास. पोटाखाली माप लावलं. तेरा पूर्णांक दोन. मी पेन पुढे केलं.

"सर, आता भरून मोजायची," ती म्हणाली.

"कशाने भरून?"

"माणसांनी. परिपत्रक आहे ना."

तिने भिंतीवरचा कागद काढून आणला. खाली केलेली गाडी रिकामी न मोजता सर्व आसनांवर व्यक्ती बसवून मोजावी. कारण लोक डिकीतलं चाकसुद्धा काढून गाडी हलकी करून आणतात. खाली सही माझी. नऊ वर्षांपूर्वी स्प्रिंगवाल्याच्या गाड्यांना चाप लावायला मीच ते काढलं होतं, आणि साफ विसरलो होतो.

रांगेतून माणसं आणली. एक शिपाई, एक पाण्याचे जार आणणारा आणि एक टेम्पोवाला. पुढे मी, चाकावर ती. टेम्पोवाला एकटाच दोघांचा ऐवज होता. मी हरकत घेतली, की वजनाला काही मर्यादा हवी. ती म्हणाली, परिपत्रकात नुसतं 'व्यक्ती' लिहिलंय सर. खरं होतं. वजन लिहायला मीच विसरलो होतो.

बाहेरून दुसऱ्याने माप लावलं. अकरा पूर्णांक चार. सहा मिलिमीटरने नापास.

"सर, सहा मिलिमीटर म्हणजे..." ती म्हणाली आणि थांबली. तिला मी शिकवलं होतं, की सहा मिलिमीटर म्हणजे सहा मिलिमीटर. मीच तिला म्हणालो, लिही. तिने लिहिलं: मूळ उंची पूर्ववत करून फेरतपासणी होईपर्यंत वाहन थेट दुरुस्तीस नेण्याखेरीज रस्त्यावर आणू नये. आपलेच दात आणि आपलेच ओठ. फाटकापर्यंत मला तिचा राग आला होता. फाटकाबाहेर आल्यावर वाटलं, पोरगी तयार झाली.

ही सहा नंबरहून आली ती चांगल्या मूडमध्ये. मी नापास झाल्याचं सांगितलं तरी तिचा मूड गेला नाही. बायकांचं कळत नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गाडी शुक्रवारी ऑफिसातून थेट स्प्रिंगवाल्याकडेच सोडली होती. त्याने मूळ स्प्रिंगा जपून ठेवल्या होत्या, पण वरची रबरं खोलताना फाटली आहेत, नवीन यायला चार-पाच दिवस. तोवर गाडी आवारातच उभी राहील. सोडतानाचा किलोमीटरचा आकडा वहीत घेतला: ४१,२१८. स्प्रिंगवाला हसला नाही याबद्दल त्याचे आभार. त्याने फक्त भिंतीवरचा खडूने लिहिलेला एकशे चौदाचा आकडा पुसून एकशे पंधरा केला.

फिजिओबाईंनी हिला रोज एक किलोमीटर चालायला सांगितलं आहे. सकाळी दवाखान्यात जाते आणि मागच्या गल्लीतून फिरून येते. हल्ली परतायला दीड तास लागतो. मी म्हणालो, फार हळू चालतेस. ती म्हणाली, आता जमायला लागलंय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मनस्ताप.

गाडी बघायला गेलो. आकडा ४१,२२४. सहा किलोमीटर! स्प्रिंगवाल्याचं आवार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम चाळीस मीटर. त्यात सहा किलोमीटर कोण कशाला फिरवेल? म्हणजे रस्त्यावर मनाई असलेली गाडी त्याने रस्त्यावर काढली. त्याला जाब विचारला.

"साहेब, आईची शपथ, गाडी फाटकाबाहेर गेलेली नाही."

"मग सहा किलोमीटर?"

"उभी गाडी बिघडते. फिरवावी लागते." हे तो जमिनीकडे बघत बोलला.

मी पुरावा तपासला. सीट पार पुढे ओढलेली. मधला आरसा खाली वळवलेला. स्प्रिंगवाला सहा फूट, त्याचे गुडघे चाकात अडकतील. म्हणजे त्याने गाडी दुसऱ्या कुणा बुटक्या माणसाला दिली. मी त्याला हे तोंडावर सांगितलं. अप्रामाणिक हा शब्दही वापरला. एकतीस वर्षांत त्याला मी पुष्कळ बोललो, पण हा शब्द पहिल्यांदाच. तो पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली गेला.

घरी हिला सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. तिचा चेहरा उतरला. "त्याला असं बोलायला नको होतं तुम्ही," म्हणाली. "माफी मागा त्याची." मी म्हणालो, कशाबद्दल? ती म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," आणि ताटं मांडायला गेली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

गाडी मूळ उंचीवर आली. फेरतपासणी झाली, शिक्का मिळाला. अठरा पूर्णांक दोन. म्हणजे तीन तारखेला जिथे होतो तिथेच आहे, फक्त मधले बावीस दिवस गेले.

वहीत घरचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज लिहितो. चारला फोन आला. ही म्हणाली, "ताई, मी बोलतेय." पलीकडून ताई म्हणाल्या, "मी कोण?" ही म्हणाली, तुझी धाकटी. ताई म्हणाल्या, "मला धाकटी नाही." मग भाच्याने फोन घेतला. ही फोन मांडीवर ठेवून बराच वेळ बसून राहिली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

मला फार वाईट वाटलं. टॅक्सीने तीन तारखेलाच गेलो असतो तर ओळख लागली असती. हे मी तिला म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "हो." ती भांडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काल लिहिणं झालं नाही. आज सगळं सविस्तर.

काल सकाळी मी डाव्या दाराखाली ठेवायला लाकडी पायरी ठोकत होतो. ही बाहेर आली. बाहेर जायचे कपडे, खांद्याला पिशवी. गाडीची किल्ली तिच्या हातात. ती गाडीच्या पुढून वळसा घालून उजव्या बाजूला गेली. मी म्हणालो, "तुझं दार इकडे आहे."

तिने उजवं दार उघडलं. डावा पाय आधी सरळ आत टाकला, बूड टेकवलं, मग उजवा पाय घेतला. चार सेकंद. एकदाही चेहरा वाकडा झाला नाही. मी हातोडी घेऊन उभा होतो.

"बसा," ती म्हणाली. "आणि दार नीट ओढून घ्या, अर्धवट लागतं ते."

मी लायसनचा मुद्दा काढला. तिने पिशवीतून काढून दिलं. ताजं नूतनीकरण, आमच्याच ऑफिसचा शिक्का, तारीख १४ फेब्रुवारी, खिडकी क्रमांक सहा. फोटोत ती हसते आहे. त्या वेळी मी मागच्या शेडमध्ये टेम्पोवाल्याच्या वजनावर हरकत घेत होतो.

समोरून शिंपीणबाई ओरडल्या, "काकू, आरसा बघा!" म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

गल्लीच्या तोंडाशी मी म्हणालो, दुसरा गिअर. तिने गाडी रस्त्याकडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बंद केली. "तुम्ही बोलायचे थांबलात की निघू." तीन मिनिटांनी निघालो. पुढे तेरा किलोमीटरवर मी ट्रककडे नुसतं बोट केलं, तेव्हाही थांबली. त्यानंतर मी हात मांडीखाली धरले.

ती गाडी चांगली चालवते. मला हे लिहायला जड जातंय, पण नोंद खरी हवी. वळणं आखून घेते, ब्रेक आधीपासून हलका दाबते. क्लच दाबताना मी मुद्दाम डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. म्हणाली, पाय पुढे लांब राहतो, वाकवावा लागत नाही. सहा किलोमीटर आवारात गोल गोल फिरून तिने ही खात्री करून घेतली होती आणि स्प्रिंगवाल्याला शपथ घातली होती, की मला सांगायचं नाही. त्याने माझ्या तोंडून अप्रामाणिक ऐकून घेतलं, पण शब्द मोडला नाही. मला लाज वाटली. सोमवारी जाऊन त्याची माफी मागणार आहे, त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

मध्ये चहाला थांबलो तेव्हा मी टेपने दोन्ही सीटची उंची मोजली. डावी-उजवी तंतोतंत सारखी. मग ती एकीकडून बसू शकते आणि दुसरीकडून नाही, हे कसं? मला उलगडलेलं नाही. फिजिओबाईंना विचारायचं आहे.

अकराच्या सुमारास पोचलो. ताईंचा पलंग खिडकीशी आहे. फार वाळल्यात. ही जवळ बसली, हात हातात घेतला. ताईंनी हात काढून घेतला नाही, पण अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं. भाचा म्हणाला, "आई, मावशी आलीये." ताई म्हणाल्या, "हो का, बसा." हिला बसा म्हणाल्या. मला तिथे उभं राहवेना.

थोड्या वेळाने ताई खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "ती गाडी कुणाची?"

"आमची," ही म्हणाली.

"कुणी आणली?"

"मीच चालवत आणली."

"तू?" ताईंनी मान वळवली. हिच्याकडे बघत राहिल्या. कपाळाला आठ्या पडल्या. "पायाला लागलंय तुझ्या. काठी आहे."

"लागलंय. तरी आणली."

"बाबांना विचारलंस?"

"नाही."

"न विचारता सायकल नेलीस," ताई म्हणाल्या. "उतारावरून. गुडघा फोडून घेतलास, आणि वर मलाच सांगतेस, ताई, सांगू नकोस." त्यांनी हिच्या गालावर एक चापट मारली, अगदी हलकी. "कार्टे. कधी आलीस?"

ही हसायला लागली आणि मग तिला रडू आवरेना. ताई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि तिच्या लहानपणीच्या खोड्या एकेक सांगत राहिल्या. त्यातली एकही मला ठाऊक नव्हती. अडतीस वर्षं झाली लग्नाला. मी सवयीने घड्याळ पाहिलं होतं. ओळख अकरा मिनिटं टिकली. अकरा मिनिटांनी ताईंनी विचारलं, चहा घेणार का, आणि हिला परत बसा म्हणाल्या. ही म्हणाली, चालेल, घेते. तिचा चेहरा शांत होता.

मी चालवत नेली असती तर ताईंना सायकल आठवली नसती, असं भाचा नंतर दारात म्हणाला. तो डॉक्टर नाही. पण मी वाद घातला नाही.

निघताना मी ताईंच्या पाया पडलो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हणालो, "मी हिच्याबरोबर आलोय."